आजारी कोंबडीला नळीने पाजायचं म्हणजे काय करायचं

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे अकरा गावरान कोंबड्या. संक्रांतीच्या थंडीत त्यातली एक तीन दिवस दाण्याला तोंड लावेना, म्हणून त्यांनी चोच उघडून सिरींजने दूध-पाणी पाजलं. तिने दोनदा मान झटकली, घशात घरघर झाली आणि ती हातातच गेली. आता दुसरी, सात पिल्लांची आई, रवणावरून, म्हणजे अंडी उबवून, उठून आठवडा झालेली, तशीच पिसं फुगवून कोपऱ्यात बसली आहे. ताई विचारतात, "नळी आत घालून पाजतात असं ऐकलं. मला घरी जमेल का? किती पाजू? आणि पहिली माझ्या हातून गेली का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील. हो ताई, बहुतेक तुमच्याच हातून गेली. पण मन लावून घेऊ नका. पशुसंवर्धनाच्या नोकरीत मी पंचवीसेक वर्षं चोपडा-यावल पट्ट्यात काढली, आणि घरी पाजताना मेलेल्या ज्या कोंबड्या मी पाहिल्या त्या बहुतेक अशाच गेल्या. माझ्या हातूनही एक गेली आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आजीच्या अंगणात मी मोठ्या तोऱ्यात कोंबडी मांडीवर आडवी धरली आणि पन्नास मिली पाणी एका दमात आत सोडलं. ते जसं गेलं तसं चोचीतून आणि नाकातून परत आलं. कोंबडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. आजी चुलीपाशी बसून बघत होती. एवढंच म्हणाली, "बुडाई दिनी रे तू तिले." तिचं बरोबर होतं. कोरड्या अंगणात, उन्हात, मी ती कोंबडी पाण्यात बुडवून मारली होती.

असं का होतं ते एकदा कोंबडीच्या तोंडात बघून घ्या, म्हणजे आयुष्यात विसरणार नाही. एखादी धडधाकट कोंबडी धरा, उजेडात चोच उघडा. जीभ बाणाच्या टोकासारखी दिसेल. जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, छोटासा उंचवटा आणि त्याला उभी चीर. ती श्वासागणिक उघडते, मिटते. ते श्वासनलिकेचं तोंड. आपल्याला गिळताना त्यावर पडदा पडतो, कोंबडीला तसा पडदाच नाही. तिला आपल्यासारखं पाणी ओढूनही घेता येत नाही, म्हणून ती चोच बुडवते, मान वर करते आणि पाणी घशात उतरू देते. घोट किती आणि कधी, हे ती ठरवते. आपण चोच उघडून सिरींज दाबली की पाणी थेट त्या उघड्या चिरेवर पडतं. घशाचा खरा रस्ता, म्हणजे अन्ननलिका, त्या उंचवट्याच्या मागे आहे आणि मानेतून खाली येताना कोंबडीच्या उजव्या अंगाला असते. दाणा साठवायची गळ्याखालची पिशवीही छातीच्या वर, जरा उजवीकडेच. हे उजवं-डावं नीट ध्यानात ठेवा, नळी घालताना सगळा खेळ त्यावर आहे.

पण नळी आणायला बाजारात पळण्याआधी थांबा. न खाणाऱ्या दहा कोंबड्या माझ्याकडे आणल्या तर नळी मी दोघी-तिघींनाच घालतो. बाकीच्यांचं काम ऊब, थेंबाथेंबाने पाणी आणि मूळ दुखण्याचा उपाय एवढ्यावर भागतं.

आधी कोंबडी हातात घ्या. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर दुखणं नवं आहे. हाड सुरीसारखं हाताला लागलं तर ती कित्येक दिवसांपासून झिजते आहे, तुमचं लक्ष आज गेलं एवढंच. पाय आणि बोटं धरून बघा, गार आहेत का. तुरा बघा. तोंडात बोट घाला. चिकट लाळेच्या तारा निघाल्या, डोळे आत गेलेले दिसले, तुरा मलूल आणि सुरकुतलेला असला, तर अंगातलं पाणी गेलं आहे. मग गळ्याखालची पिशवी चाचपा. ती पूर्ण रिकामी आहे, की कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट आहे, की पाणी भरलेल्या फुग्यासारखी डचमळते आणि चोचीला आंबट वास येतो? घट्ट किंवा डचमळती असेल तर नळीने काहीही घालायचं नाही. खालची वाट बंद आहे, वरून भरून काय होणार? अशा वेळी काही जण कोंबडी उलटी टांगून पिशवी पिळतात. ते मुळीच करू नका, बाहेर येणारं सगळं त्याच उघड्या चिरेतून आत जातं.

विष्ठाही बघा. हिरवी दिसली की आपल्याकडे लगेच "मानमोडी आली" म्हणून आरडाओरड होते. उपाशी कोंबडीची विष्ठाही हिरवी होते. पोटात अन्न नसतं, नुसतं पित्त उतरतं. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, हिरवट-पांढरी पातळ हगवण तर होतेच, पण धाप, घरघर, पंख-पाय लुळे पडणं, मान पिरगळणं हेही दिसतं आणि एकीमागून एक कोंबडी पडत जाते. तुमच्याकडे आधी एक गेली आणि आठवड्यात दुसरी बसली, म्हणून बाकीच्या नऊ जणींवर नजर ठेवा. तिसरी-चौथीही बसली, किंवा रात्रीतून दोन-तीन मेल्या, तर नळी-बिळी विसरा आणि मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हातांनी शिवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला होता, आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. खान्देशातल्या माणसाने तरी ही गोष्ट लांबची समजू नये. एकट्या-दुकट्या आजारी कोंबडीला हाताळतानाही तोंडाला रुमाल बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. तिच्या चोचीजवळ तोंड नेऊन फुंकर घालणं, घरातल्या पोरांनी तिला कुशीत घेऊन बसणं, हे बंद.

तुमच्या कोंबडीबद्दल माझा पहिला संशय वेगळा आहे. ती रवणावरून उठली आहे. एकवीस दिवस अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते आणि परत बसते. अंगावरचं मांस उतरलेलं असतंच. त्यात एका जागी बसल्याने उवा आणि गोचीड तिला पोखरतात. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं उलटी करून बघा. पिसाच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ दिसतील. तिथे काही दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. कोंबड्यांचे गोचीड दिवसा अंगावर नसतात, भिंतीच्या भेगांत आणि खुराड्याच्या लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी घेऊन खुराड्यात जा. एक ताई माझ्याशी भांडत होत्या, "माझ्या कोंबडीला काहीच नाही." रात्री त्यांच्याच घरात, मातीच्या भिंतीच्या एका भेगेतून मी मूठभर गोचीड खरवडून काढले. तुरा पांढरट पडला असेल तर रक्त गेलंय असं समजा. अशा कोंबडीला नळीने कितीही पाजा, रात्री गोचीड पीतच राहणार. तिला आजच तिथून हलवा. अंगावरच्या आणि खुराड्यातल्या औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने शिंपडू नका, अशक्त कोंबडी त्यानेच जायची.

आता ऊब. निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, म्हणजे आपल्याला सणसणून ताप आला तरी तिच्यापेक्षा आपण गारच. ती पिसं फुगवून बसते तेव्हा अंगातली उरलीसुरली ऊब राखायची तिची धडपड चाललेली असते. गार पडलेल्या कोंबडीची पचनाची वाट जवळजवळ थांबते. त्यात घातलेलं अन्न पिशवीतच आंबतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य. हा क्रम उलटा केला की कोंबडी मरते, आणि घरोघर हा क्रम उलटाच असतो, कारण "तीन दिवस उपाशी आहे" हेच आपल्या डोक्यात असतं.

पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, तळाला जुनं धोतर किंवा गोणपाट अंथरा. घरात कापूस पडलेला असतो म्हणून आपल्याकडे तो खाली घालतात. तो नको. कोंबडी चोच मारते, तंतू गिळते आणि पिशवीत बोळा होऊन बसतो. खोक्याच्या एका बाजूला वर साठ वॅटचा बल्ब सोडा, पण तो जुना, तारेचा पिवळा बल्ब हवा. आता घराघरात एलईडी आले, त्याचा उजेड भरपूर आणि ऊब काही नाही. एकाने रात्रभर एलईडी लावून ठेवला आणि सकाळी म्हणाला, बल्ब लावला तरी कोंबडी गार! जुना बल्ब मिळाला नाही किंवा लाईट गेली, तर प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा, दोन्ही कडांना ठेवा आणि तीन-चार तासांनी बदला. खोक्यात तीस अंशांच्या आसपास ऊब पुरे, आणि तिला नको वाटलं तर सरकायला अर्धी जागा बल्बाशिवाय ठेवा. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली.

हे सगळं थंडीचं आणि पावसाळ्याचं झालं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, चोच वासून, पंख पसरून पडलेली कोंबडी गारठलेली नसते, भाजलेली असते. तिला बल्बाखाली ठेवलं तर तासाभरात संपेल. तिला सावलीत, वाऱ्यात घ्या, पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा, समोर पाणी ठेवा. धापा टाकणाऱ्या कोंबडीला नळी कधीही घालायची नाही.

तास-दीड तास ऊब मिळाली, बोटं कोमट लागायला लागली की पाणी. सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे ती स्वतः पिते ते. तिची चोच नाकपुड्या वरच राहतील एवढीच पाण्यात टेकवून बघा, कितीतरी कोंबड्या एवढ्यावर प्यायला लागतात. नाही प्यायली तर थेंबाची रीत. चोच उघडायची नाही. ड्रॉपर किंवा सुई काढलेल्या सिरींजने चोचीच्या बाजूला, जिथे वरची आणि खालची चोच मिळते त्या कडेवर, एक थेंब सोडायचा. तो आत झिरपतो, ती चोच हलवते, मान वर करते, गिळते. गिळलेलं दिसलं की दुसरा. कंटाळवाणं काम आहे, दहा मिली जायला पंधरा मिनिटं लागतात. पण घोट पुन्हा तिच्या ताब्यात असतो, म्हणून यात सहसा काही बिघडत नाही. ताई, तुमची ही कोंबडी अजून बसते आहे आणि मान धरते आहे, तेव्हा पहिला अख्खा दिवस हेच करून बघा.

पाण्यात काय? दवाखान्यात मिळणारी किंवा मेडिकलवरची ओआरएसची पुडी. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं आहे तेवढंच, अंदाजाने नाही. फळांच्या चवीचे तयार डबे नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर कोंबडीला विषच, म्हणून चिमटीने नाही, चमच्याने. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. ती स्वतः प्यायला लागली की समोर साधं पाणीही ठेवा. दूध मात्र नको, त्यातली साखर कोंबडीला पचत नाही आणि हगवण वाढते. हळद-तूप, कांद्याचा रस, तंबाखूचं पाणी, दारूचं झाकण, हे सगळं मी अंगणांत बघितलं आहे. काहींनी लगेच मरत नाही एवढंच. कांदा तर जास्त गेला तर आधीच कमी असलेलं रक्त आणखी मोडतो.

आता नळी. थेंबाने दिवसभरात चाळीस-पन्नास मिलीही जात नसेल, पिशवी रिकामी असेल, श्वास साधा असेल आणि ती मान स्वतः धरत असेल, तरच. मान टाकलेल्या, आडव्या पडलेल्या, झटके येणाऱ्या कोंबडीला नळी घातली तर वर आलेलं पाणी ती सावरू शकत नाही. तिला कातडीखाली सलाईन देणं हे डॉक्टरांचं काम. तोंडात पिवळट पापुद्रे, खपल्या असतील तर तो कोंबड्यांचा देवी रोग असू शकतो. तिथेही नळी नको, सोललं की रक्त येतं. आणि पेरणी-फवारणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं टिपून किंवा फवारणीच्या टाकीतलं पाणी पिऊन लाळ गाळत पडली असेल तर पाजण्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

मेडिकलवर जाऊन "साधी लाल रबरी कॅथेटर, फुगा नसलेली, १४ नंबर" मागा. माणसाच्या लघवीसाठी वापरतात तीच. नंबरला तीनने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे ही पावणेपाच मिलिमीटरच्या आत-बाहेर. लोकांना वाटतं बारीक नळी बरी. उलट आहे. बारीक नळी श्वासाच्या चिरेत सहज शिरते, जाड नळी तिथे सहसा जात नाही. लहान तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, असेल तर १२ नंबर. सोबत ५० मिलीची सिरींज, लांब निमुळत्या तोंडाची. सुईवाल्या सिरींजचं आखूड तोंड या नळीत घट्ट बसत नाही आणि ऐन वेळी नळी सुटते. सुटलेली नळी कोंबडीने गिळल्याचं मी पाहिलं आहे, तिला पोट कापूनच काढावी लागली. म्हणून जोडावर एक बोट कायम.

नळी कोंबडीच्या अंगाला बाहेरून लावून मोजा, चोचीच्या टोकापासून गळ्याखालच्या पिशवीपर्यंत. गावरान कोंबडीत हे साधारण बारा ते पंधरा सेंटीमीटर भरतं. तिथे चिकटपट्टीची खूण करा. पाणी हाताच्या मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. पिशवीचं कातडं पातळ असतं, गरम खाद्याने ते आतून भाजतं आणि ते आठवडाभराने कळतं, भोक पडल्यावर. सिरींज भरा, नळी जोडा, हवा बाहेर काढा, टोक पाण्यात किंवा थेंबभर गोडेतेलात बुडवा.

दोन माणसं लागतात. सासूबाईंना किंवा पोराला सोबत घ्या. एकाने कोंबडी टॉवेलात पंखांसकट गुंडाळून मांडीवर उभी धरायची, बसलेल्या माणसासारखी, छाती दाबायची नाही. कोंबडीला श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलावं लागतं, घट्ट आवळली तर ती गुदमरते. तुम्ही समोर. डाव्या हाताने डोकं मागून धरून मान सरळ वर ताणा, ओढू नका. अंगठ्याच्या नखाने चोचीची फट करा आणि बोटाचं टोक कडेला अडकवून ठेवा. आता जिभेमागची चीर शोधा. दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर उजेडाकडे वळा, पण आंधळेपणाने घालू नका.

नळी कोंबडीच्या डाव्या अंगाने तोंडात घ्या आणि तिरकी, तिच्या उजव्या अंगाला, चिरेच्या मागून घशात सरकवा. कोंबडी तुमच्यासमोर आहे, म्हणजे तिचं डावं तुमच्या उजव्या हाताला येतं. गोंधळ इथेच होतो. ढकलायची नाही, सोडल्यासारखी पुढे द्यायची. ती बऱ्याचदा गिळते आणि नळी आपोआप आत ओढल्यासारखी जाते. अडली तर मागे घ्या, मान थोडी सरळ करा, परत द्या. ठसका आला, तोंड वासलं, धडपड वाढली तर लगेच बाहेर.

खुणेपर्यंत गेली की पाजण्याआधी एक खात्री, आणि ही चुकवली तर बाकी सगळं व्यर्थ. मानेवरची पिसं बाजूला सारून बोटांनी चाचपा. दोन नळ्या हाताला लागल्या पाहिजेत. एक तिची श्वासनलिका, कडक, बांगड्यांवर बांगड्या रचल्यासारखी खडबडीत. दुसरी तुमची, गुळगुळीत, तिच्या शेजारी, आणि तिचं टोक पिशवीच्या कातडीखाली बोटाला टोचतं. दोन्ही वेगवेगळ्या लागल्या तर जागा बरोबर. एकच लागली तर तुमची त्या बांगड्यांच्या आत आहे, थेंबही न सोडता काढा. मी आजही, इतक्या वर्षांनी, हे चाचपल्याशिवाय सिरींजला अंगठा लावत नाही.

आता सावकाश दाबा. वीस मिलीला अर्धा-पाऊण मिनिट घ्या, आणि नजर चोचीत ठेवा, सिरींजवर नाही. घशात पाणी वर येताना दिसलं की दाबणं बंद, नळी बाहेर, कोंबडी खाली सोडून द्या. तिला स्वतः मान झटकू द्या, तुम्ही पुसायला, थोपटायला जाऊ नका. सगळं नीट झालं तर नळी बोटांत चिमटून, दुमडून बाहेर काढा, नाहीतर शेवटचे थेंब निघताना नेमके त्या चिरेवर गळतात. खोक्यात उभी ठेवा, पिशवी दाबू नका, तिला हातात घेऊन मिरवू नका.

किती, हे वजनावर. कोंबडी कापडी थैलीत घालून घरातल्या तराजूवर मोजा. दीड किलोची धरली तर पहिल्यांदा फक्त वीस मिली. दोन तासांनी पिशवी चाचपा, उतरली असेल तर तीस. पुढे दर तीन-चार तासांनी तीस ते चाळीस, दिवसाकाठी शंभर ते दीडशे मिलीपर्यंत. एका वेळी किलोमागे तीस मिलीच्या वर मी जात नाही. पिशवीत त्याहून जास्त मावतं, पण आजारी कोंबडीत ते वर येतं. आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधी पिशवी चाचपायचीच. मागचं उतरलेलं नसेल तर ती पाळी चुकवा. रात्री उठून पाजू नका, तिला झोपू द्या. सकाळी पिशवी रिकामी आणि मऊ असली पाहिजे. सकाळीही भरलेली राहिली तर नळी बंद आणि डॉक्टर.

पहिला दिवस नुसतं पाणी. पोट चालायला लागलं, ओली विष्ठा पडायला लागली की दुसऱ्या दिवशी पातळ खाद्य. लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं दळलेलं तयार खाद्य, मिळत असेल तर एक भाग मॅश चार भाग कोमट पाण्यात तासभर भिजवा, मिक्सरमधून फिरवा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. गाळल्याशिवाय एक चमचाही सिरींजमध्ये नको, कोंडा नळीत अडकतो, मग माणूस जोर लावतो आणि सगळं एकदम जातं. मॅश नसेल तर तांदळाची पातळ पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून. ज्वारीच्या पिठाची पातळ कांजीही चालते, मीठ न घालता. कळण्याची भाकरी कुस्करून मात्र आत्ता नको. त्यातलं उडदाचं साल आणि मीठ दोन्ही जड. ती बरी झाल्यावर स्वतःच तुमच्या ताटातली पळवेल. खाद्य वीस-तीस मिलीपासून सुरू, दिवसातून तीनदा, मधल्या पाळ्यांना पाणी. खूप दिवस उपाशी असलेल्या कोंबडीला "ताकद येऊ दे" म्हणून पहिल्याच दिवशी घट्ट खाद्य भरलं तर तिच्या अंगाला ते झेपत नाही.

नळी आणि सिरींज प्रत्येक वेळी गरम पाण्याने आतून-बाहेरून धुवा, टांगून वाळवा. दुसऱ्या कोंबडीला तीच नळी लावू नका. रबर चिकट झालं की फेका.

नळीने रोग बरा होत नाही, तेवढे दिवस ती तगून राहते आणि मूळ उपचाराला वेळ मिळतो. तीन दिवस झाले आणि ती एकदाही स्वतःहून चोच मारत नसेल तर कारण सापडलेलं नाही. पोट फुगलं असेल, शेपूट खाली-वर करून कुंथत असेल तर अंडं अडकलं असेल. विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण. जंत तर असतातच. यातलं प्रत्येक औषध वेगळं आहे, आणि दुकानातून "कोंबडीची गोळी" म्हणून आणलेलं अँटिबायोटिक सगळ्यांवर चालत नाही. जे औषध दिलं जाईल त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टरांना विचारून घ्या, गावात हे कोणी विचारत नाही.

तुमच्या सात पिल्लांचं राहिलं. त्यांना आईजवळ ठेवू नका. ती ऊब देऊ शकत नाही आणि तिचा संसर्ग त्यांना लागेल. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होऊन अंगावर पिसं येईपर्यंत दुसऱ्या खोक्यात, तशाच पिवळ्या बल्बाखाली. पिल्लं बल्बाखाली एकावर एक चढून बसली तर बल्ब खाली घ्या, कडेला पळाली तर वर. मानमोडीची लासोटा लस त्यांना पहिल्या आठवड्यात द्यायला हवी होती, राहिली असेल तर दवाखान्यात विचारा. आजारी कोंबड्यांना मात्र लस टोचून घेऊ नका.

कोंबडी खोक्यात दाणा टिपायला लागली की आधी दुपारची पाळी बंद करा, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. दोन दिवस नळीशिवाय वजन टिकलं की तिला बाहेर काढा, पण दिवसाढवळ्या नको. अशक्त कोंबडी परत आलेली दिसली की बाकीच्या तिच्या तुऱ्यावर तुटून पडतात. दिवे लागणीनंतर, सगळ्या खुराड्यात बसल्या की अंधारात हळूच त्यांच्या मध्ये ठेवून द्या. सकाळी त्या सोबतच उठतात आणि सहसा कोणी फारसं विचारत नाही.